सोकोला तेल

इतकी वर्षं माझ्या घरात देव नव्हता आणि त्यावाचून माझं काही अडलं नव्हतं. आई उन्हाळ्यापुरती राहायला आली आणि पहिल्याच शनिवारी तिनं घरात देव शोधून काढला. तोही दुसऱ्याचा.

दुसऱ्याचा म्हणजे माझ्या मैत्रिणीचा. ती झिंबाब्वेची. कासलबारच्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या पेशंटांच्या वॉर्डात मी डॉक्टर आणि ती नर्स. मेयोतले, म्हणजे आमच्या या जिल्ह्यातले, म्हातारे आम्हा दोघींना सारख्याच कुतूहलानं विचारतात, "आणि तुम्ही मुळातल्या कुठल्या?" ती गंभीर चेहऱ्यानं शेजारच्या गावाचं नाव सांगते आणि ब्लडप्रेशरचा पट्टा जरा जास्तच आवळते. तिच्या या आगाऊपणामुळेच आमचं जमलं. मी स्वभावानं चिडकी, कुणाशी फार काळ पटत नाही. मराठी माणसं आहेत इथे, पण बरीचशी तिकडे डब्लिनला, टॅला नाहीतर चेरीवूडच्या बाजूला. भेट व्हायची ती गणपतीत. रोजच्या चहाला, रोजच्या कुरकुरीला, वॉर्डात कुणी गेलं की जिन्यात घटकाभर गप्प उभं राहायला माझ्याकडे ती एकच होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात मला भीती वाटत होती ती हे सगळं जाण्याची.

तिचा नवरा शाळेची बस चालवायचा आणि उरलेल्या वेळात दगड कोरायचा. त्यांच्या शोना समाजातले कितीतरी जण हे काम करतात. तो वडिलांच्या हाताखाली शिकला होता. भाड्याच्या घराच्या परसात पत्र्याची शेड, त्यात छिन्नी, हातोडी, कानस, आणि गावाकडून कुणाच्या तरी कंटेनरमधून आलेले दगड. त्यातून पक्षी निघायचे, रेडे निघायचे, अर्धी बाई अर्धा मासा निघायचा. प्रदर्शनातल्या कार्डावर लिहिलेलं असायचं की दगडातला आत्माच कोरणाऱ्याला आपला आकार सांगतो. मी एकदा खवचटपणे त्याला विचारलं, काय सांगतो रे दगड? तो म्हणाला, "डॉक्टर, दगड मला शिव्या देतो. ते कार्डावर लिहिता येत नाही."

प्राण्यांची मात्र तो थट्टा करत नसे. पहिल्याच भेटीत त्यानं मला विचारलं होतं, "तुझा प्राणी कोणता?" त्यांच्यात प्रत्येक माणूस जन्मतः एकेका प्राण्याच्या कुळातला असतो. कुणी सिंहाचा, कुणी हत्तीचा, कुणी मगरीचा. त्या प्राण्याचं मांस खायचं नाही, त्याच कुळात लग्न करायचं नाही, आणि तो प्राणी कोरायला घेतला की आपल्याच आज्या-पणज्यांच्या अंगाला छिन्नी लावतोय हे विसरायचं नाही. तो स्वतः सोको, म्हणजे माकडाच्या कुळातला. "माकड खायचं नाही हे पथ्य मेयोत पाळायला सोपं जातं," असं तो म्हणायचा. घरात त्यानं तिला काही आणून दिलं तर ती नाव घेऊन आभार मानत नसे. दोन्ही तळहात जरा पोकळ ठेवून एकमेकांवर आपटायची आणि म्हणायची, "माइता, सोको." माइता म्हणजे आभार. "ते त्याच्या एकट्याचे नसतात," तिनं मला सांगितलं, "त्याच्या मागे जेवढे उभे आहेत त्या सगळ्यांचे असतात." मी म्हणाले, आमच्यात असलं काही नसतं. लग्नात देवक बसवतात, त्या वेळी कसलीतरी पानं आणतात, हे मला आठवलंही नाही.

दगडाचं शेवटचं काम तिचं असायचं. त्यानं ओल्या पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केला तरी दगड करडाच दिसतो. मग तो तापवायचा आणि गरम असतानाच त्यावर मेण चोळायचं. मेण मुरलं की तो काळाभोर होतो, आणि त्यानंतर त्याला पुन्हा छिन्नी लावायची नाही. "कोरणं त्याचं, मेण माझं," ती म्हणायची. "मी मेण लावलं की काम संपलं. मग त्यालाही बोलायचा हक्क नाही."

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तो बस लावून खाली उतरला आणि तिथेच कोसळला. शेडमध्ये एक दगड अर्धा राहिला. गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं माकड. चेहरा झालेला, हात झालेले, हनुवटी गुडघ्यांवर टेकलेली. पाठ मात्र नुसताच ओबडधोबड दगड. एका खांद्यापासून खाली खडूच्या पांढऱ्या रेघा होत्या. पुढे कुठे कापायचं याच्या त्या खुणा. ती शेड आवरायला जायची आणि त्या दगडाभोवतीची जमीन तेवढी झाडून परत यायची.

मग घरमालकानं घर विकायला काढलं. कासलबारला भाड्याचं घर मिळणं किती मुश्कील आहे ते इथल्या कुणालाही विचारा. ती एका मावसबहिणीकडे छोट्याशा खोलीत राहायला गेली. त्याच सुमारास तिला गावी जायचं होतं. त्यांच्यात माणूस गेल्यावर त्याचा आत्मा वर्षभर बाहेरच असतो असं मानतात, मग विधी करून त्याला घरी आणायचं आणि घरचा राखणदार करायचं. तिच्या चर्चमधल्या पास्टरना हे मान्य नव्हतं. रविवारी ती त्यांना हो म्हणाली आणि सोमवारी तिकीट काढलं.

जाण्याआधी दगड माझ्याकडे आणून ठेवला, मागच्या खोलीत वॉशिंग मशीनशेजारी. "फोटो काढलेत मी," खडूच्या रेघांकडे बघत ती म्हणाली, "पण फोटोतला खडू त्याच्या हातचा नाही. ह्याला कुणाला हात लावू देऊ नकोस. आणि त्याला एकटं वाटू देऊ नकोस." शेवटचं वाक्य ती हसत म्हणाली, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही.

ती गेली आणि आठवड्याभरात आई आली, कराडजवळच्या आमच्या गावाहून. मी तिला सांगितलं की मागच्या खोलीतला दगड मैत्रिणीचा आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. माझ्या आईला एखाद्या गोष्टीकडे लक्ष देऊ नको म्हणण्याचा आजवर काय उपयोग झालाय ते मला ठाऊक असायला हवं होतं.

शनिवारी दुपारी ड्यूटीवरून आले तर मागच्या खोलीत उदबत्तीचा वास. दगड करडा राहिला नव्हता. काळाभोर, ओला, चमकत होता. कपाळाला शेंदूर, कानाच्या मागे शेंदूर, गळ्यात परसातल्या कुंपणाच्या लॉरेलच्या पानांची माळ. खाली ताटलीत गूळ. बाजूला प्रेसमधली, म्हणजे कपाटातली, इथे कपाटाला प्रेसच म्हणतात, सगळ्यात महागडी ऑलिव्ह ऑइलची बाटली, अर्धी रिकामी.

"आई, हे काय केलंस तू?"

"काय क्येलं? शनवार हाय. मारुतीला त्याल न्हाई घालायचं?"

"हा मारुती नाहीये!"

"मग काय हाय?"

"माकड आहे."

आईनं माझ्याकडे बघितलं. मला डॉक्टर करण्यात घातलेल्या सगळ्या पैशांचा तिला त्या क्षणी पश्चात्ताप झाला असावा.

"आणि रेघा? इथे पांढऱ्या रेघा होत्या."

"त्या व्हय? म्हनलं नातीनं खडूनं रेघोट्या मारल्या देवावर. काथ्यानं घासल्या. लई चिवट हुत्या."

माझी मुलगी दारात उभी होती. "आजी गेव्ह हिम अ बाथ," ती आपल्या मेयोच्या हेलात म्हणाली. "ही लुक्स ग्रँड."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण शेजारीण दुसऱ्या दिवशी फारच गोड बोलली. खाली बसून आईनं गुळाची ताटली पदराआड ओढून घेतली आणि म्हणाली, "गावाकडं बाईनं मारुतीला हात लावायचा न्हाई. त्याल गुरवाच्या हातात द्यायचं आन लांबनं पाया पडायचं. जलमभर लांबनं पडले. हितं गुरव कुठला आनू? म्हनलं आज आपुनच घालावं." आमच्या देवळाच्या पायरीखाली, तेलाची वाटी गुरवापुढे धरून उभी असलेली ती मला आठवली. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला.

आई झोपायला गेल्यावर मी भांड्यांच्या साबणानं दगड पुसायला घेतला. शेंदूर थोडासा निघाला, तेल निघेना. ते आत मुरलं होतं. मग मी जे केलं त्याची मला लाज वाटते. मैत्रिणीनं पाठवलेला फोटो फोनवर उघडला, मुलीच्या पेटीतला खडू घेतला आणि तीच रेघ तिथेच काढायला गेले. तेलकट दगडावर खडू उमटेना. घसरत राहिला. आत्ता वाटतं, बरंच झालं. त्या वेळी मी खडू मोडून सिंकमध्ये टाकला.

फोन करावा का, यावर मी रोज स्वतःशी वाद घातला. तिकडे तिच्या नवऱ्याला घरी आणत असतील आणि इकडून मी सांगायचं की तुझ्या नवऱ्याच्या हातचं शेवटचं उरलेलं आईनं काथ्यानं घासून काढलं? आल्यावरच सांगायचं ठरवलं. आईला म्हणाले, आता कृपा करून हात लावू नकोस.

"हात न्हाई लावत. पर एकदा पूजला, आता असाच टाकायचा?"

"काय करायचं ते कर," मी म्हणाले. व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

मग ती रोज सकाळी मागच्या खोलीत जाऊन त्याला उठवायची. चिमूटभर गूळ ठेवायची, बाहेर पाऊस आहे का ऊन ते सांगायची. मटार सोलायची झाली की परात घेऊन तिथेच बसायची. आंघोळीच्या खोलीतून मला ऐकू यायचं. भावकीतली भांडणं, बांधावरनं कोण कुणाला काय म्हणालं, धाकट्या जावेनं कसा अबोला धरला, सगळं त्या दगडाला सांगणं चालायचं. मी ओरडल्यापासून माझ्याशी ती कामापुरतंच बोलत होती.

मैत्रीण आली ती विमानतळावरून थेट माझ्याकडेच. आईनं सकाळपासून चांगली साडी नेसून वर माझा कार्डिगन चढवला होता. "मी सांगते तिला," असं ती म्हणत होती, इंग्रजीचा एक शब्द येत नसताना. मी दारातच बोलायला सुरुवात केली, पण मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि मैत्रिणीची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेलेली होती.

ती आत गेली. दगडासमोर उभी राहिली. खांद्यावर जिथे रेघा होत्या तिथे तिनं बोट ठेवलं, मग ते बोट उचलून त्याच्याकडे पाहिलं. बोटाला तेल लागलं होतं.

"ग्रँड," ती म्हणाली.

इथे हा शब्द कशालाही चालतो. छान आहे, ठीक आहे, पुरे, आता निघा. ती वळली, बाहेर गेली, गाडीत बसली, पट्टा लावला आणि गाडी सुरू न करता तशीच बसून राहिली. मी खिडकीत उभी. बाहेर बारीक पाऊस. मला वाटलं संपलं. आता सोमवारी वॉर्डात ती मला डॉक्टर म्हणेल.

"रडतीया का?" आई शेजारी येऊन म्हणाली.

"माहीत नाही."

"जा की मग."

"नको आई. तिला जाऊ दे."

आई चपला घालून तशीच पावसात गेली. गाडीच्या काचेवर तिनं बोटानं टकटक केली, दार उघडलं आणि मैत्रिणीचं मनगट धरलं. काय बोलली कोण जाणे, बोलली असणार मराठीतच. मैत्रिणीनं पट्टा काढला. दोघी भिजत आत आल्या. आईनं मनगट सोडलं नव्हतं.

मागच्या खोलीत आम्ही तिघी आणि तो. मैत्रीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला विचार, तिनं मेण का लावलं?"

"मेण नाही गं, तेल."

"तेच. दगडाला तेच. ते माझं काम होतं." तिचा आवाज चढला. "मी ते केलं नाही. इतके दिवस मी रोज ते करत नव्हते. मी केलं असतं तर तो संपला असता. तिनं केलं."

मी मराठीत सांगितलं. नीट सांगता आलं नाही, पण आईला कळलं. तिचा चेहरा उतरला. तिनं हात जोडले. "मला ठावं न्हवतं, बाई." मग माझ्याकडे वळून, "तिला सांग, त्याला येकटा न्हाई ठिवला. रोज उठवला. रोज दोन शबुद बोलले. त्याला सोडून, दार लावून कवा भायेर गेले न्हाई."

हे मात्र खरं होतं. फिरायला चल म्हटलं की आई टाळायची आणि मला वाटायचं तिला थंडी वाजते. मी ते भाषांतर करून सांगितलं.

"रोज?" मैत्रिणीनं विचारलं.

"रोज."

"काय बोलायची?"

आईला ते सांगायची लाज वाटली. मीच सांगितलं, गावची भांडणं. मैत्रीण एकदम हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "त्याला आवडली असती," ती म्हणाली. डोळे पुसत म्हणाली, "तिकडे सगळे त्याला बोलवत होते. सोको, घरी ये, सोको, घरी ये. ढोल, गाणी, सगळं होतं. आणि मी मनात म्हणत होते, तो तर तिकडे वॉशिंग मशीनशेजारी एकटा बसलाय."

मी हेही आईला सांगितलं. आपल्या बॅगेतून तिनं जुन्या साडीचा मऊ फडका काढून आणला आणि मैत्रिणीच्या हातात दिला. "घ्ये. माझं चुकलं. आता तुझं तू कर."

मैत्रीण फरशीवर बसली. माळ काढून तिनं बाजूला ठेवली. कानामागचा शेंदूर नखानं काढला, डोळ्यांच्या खाचेतला फडक्याच्या टोकानं. मग ती चेहरा पुसू लागली, गोल गोल, जोर लावून, जशी ती नेहमी मेण पुसायची. आई बाजूला बसून बघत होती. मी चहा टाकला आणि तो गार झाला. खांद्याजवळ आल्यावर मैत्रिणीचा हात थांबला. मग तिनं तोही खांदा पुसला. पाठीकडचा ओबडधोबड दगड तेवढा तिनं तसाच ठेवला.

"मी अजून रागावलेली आहे," ती मला म्हणाली.

"माहीत आहे."

"बरेच दिवस राहीन."

"राहा," मी म्हणाले. ज्याच्याकडे पुन्हा यायचंच नाही त्याला कुणी हे सांगत नाही.

उठता उठता तिनं विचारलं, "तुझ्या आईचा प्राणी कोणता?"

आमच्यात तसलं काही नसतं, हे माझ्या तोंडावर आलं होतं. पण आई समोरच होती, म्हणून विचारलं. "आई, आपलं देवक काय गं?"

"कळंब," आई लगेच म्हणाली. "म्हनून तर आपल्यात कळंबाचं लाकूड जाळत न्हाईत."

झाड आहे, मी मैत्रिणीला सांगितलं. झाड चालेल, ती म्हणाली, पण हे कुणाचं? हिच्या नवऱ्याचं की हिचं? "मला तिचं हवंय. तिच्या वडिलांकडचं. लग्न झालं म्हणून बाईचा प्राणी बदलत नाही."

मी आईला तसंच सांगितलं. आई वॉशिंग मशीनवर हात टेकून उभी राहिली. मला वाटलं ती विसरली असेल.

"माझ्या बाच्या घरचं," ती सावकाश म्हणाली, "साळुंकीचं पीस. लग्नात मांडवात बांधायचं. आमच्यात साळुंकीला कुनी खडा मारत न्हाई."

माझी पंचेचाळिशी उलटली आहे. हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं, आणि ती लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या घरात कुणीच विचारलं नसावं. साळुंकी म्हणजे काय ते मी मैत्रिणीला सांगितलं, पिवळ्या चोचीचा, अंगणात येणारा, भांडखोर पक्षी. ती हसली. दोन-तीनदा तो शब्द तिनं तोंडात घोळवला, नीट येईपर्यंत. मग गुडघे जरा वाकवले, तळहात पोकळ धरून एकमेकांवर हलकेच आपटले.

"माइता, साळुंकी."

मैत्रीण आल्यापासून प्रत्येक वाक्याला, अर्थ सांग म्हणून, आई माझ्या तोंडाकडे बघत होती. या वेळी तिनं बघितलं नाही.